शंभर पेशींत मोडक्या किती?

पावसाळ्यात पावाचा अर्धा उरलेला पुडा कपाटात चार दिवस विसरून पाहा. पाचव्या दिवशी त्यावर हिरवट-काळ्या मखमलीसारखे ठिपके आलेले दिसतील. ही बुरशी. पाव, लोणचे, चीज, संत्री, यांपैकी काहीही तिला वर्ज्य नाही. तिला दूर ठेवण्यासाठी कारखानदार निरनिराळी द्रव्ये वापरतात. पावाच्या पिठात कॅल्शियम प्रोपिओनेट असते, सरबतात सोडियम बेंझोएट असते, चीजच्या पाठीवर नाटामायसिन चोळलेले असते. परदेशातून आलेल्या चकचकीत संत्र्यांच्या सालीवर मेणाबरोबर ऑर्थोफेनिलफिनॉल किंवा थायाबेंडाझोल अशा लांबलचक नावांची द्रव्ये असतात. अन्न टिकवणारी म्हणून त्यांना परिरक्षके म्हणतात. पण बुरशीच्या बाजूने पाहिले तर ती विषेच आहेत.

मग प्रश्न असा, की जे बुरशीला मारते ते आपल्याला काही करत नाही कशावरून? पोटात दुखले, उलटी झाली, तर ते लगेच कळते. पण आपल्या पेशींतील आनुवंशिक सामग्रीला धक्का लागला तर तो त्या दिवशी कळत नाही, वर्षानेही कळत नाही. अशा न दिसणाऱ्या इजेचा शोध कसा घेतात, त्यात फसगत कोठे होते आणि या शास्त्राचा एक मोठा वाद पुण्यातील एका संख्याशास्त्रज्ञाच्या टेबलावर कसा आला, ते या लेखात पाहू.

आधी एक शंका दूर करू. जिवाणूंना मारणाऱ्या औषधांपेक्षा बुरशीनाशकांकडे अधिक संशयाने का पाहायचे? कारण नातेसंबंध! जिवाणू आपले फार दूरचे नातलग. त्यांच्या पेशीला केंद्रक नसते आणि भोवती एक खास भिंत असते. पेनिसिलिन त्या भिंतीवरच घाव घालते. आपल्या पेशीला तशी भिंतच नसल्याने आपण सुटतो. बुरशी मात्र आपल्या बरीच जवळची. तिच्या पेशीत केंद्रक आहे, केंद्रकात गुणसूत्रे आहेत आणि पेशी दुभंगताना ती गुणसूत्रे दोन्हीकडे ओढणारे दोरही आपल्यासारखेच आहेत. घाव घालायला वेगळी जागा शोधणे म्हणूनच कठीण जाते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात १९५५ साली पेनिसिलिन तयार होऊ लागले आणि १९६१ साली तेथेच डॉ. तिरुमलाचार यांच्या हाताखाली हामायसिन हे बुरशीवरचे औषध सापडले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळते त्याच्या नावात पिंपरीचे नाव आहे. हामायसिन बुरशीच्या पातळ आवरणातील अर्गोस्टेरॉल या रेणूला पकडते. आपल्या पेशींच्या आवरणात त्याऐवजी कोलेस्टेरॉल असते. हे दोन रेणू एकमेकांचे जवळजवळ जुळे भाऊ! एवढ्याशा फरकावर औषध आणि विष यांतले अंतर अवलंबून. चीजवरचे नाटामायसिन याच घराण्यातले आहे.

राजमा, कळलावी आणि पाणचट मीठपाणी

गुणसूत्रांना इजा झाली का हे पाहायचे तर आधी गुणसूत्रे दिसली पाहिजेत. एरवी ती केंद्रकात लांब, बारीक धाग्यांच्या गुंत्यासारखी असतात. पेशी दुभंगण्याच्या बेतात आली की तेवढा थोडा वेळ ती आखडून जाडजूड होतात आणि सूक्ष्मदर्शकात दिसतात. म्हणजे आपल्याला दुभंगणाऱ्या पेशी हव्यात, भरपूर हव्यात आणि त्या नेमक्या त्याच क्षणी थांबवता आल्या पाहिजेत.

रक्तातील पांढऱ्या पेशी सहज मिळतात, पण त्या नळीत स्वस्थ पडून राहतात, दुभंगत नाहीत. १९६० साली अमेरिकेत पीटर नॉवेल यांना एक गंमत आढळली. तांबड्या पेशी गोळा करून बाजूला काढण्यासाठी राजम्यापासून काढलेले एक प्रथिन प्रयोगशाळेत वापरत. ते घातलेल्या नळीतील पांढऱ्या पेशी भराभरा दुभंगू लागल्या. (कच्चा राजमा खाल्ला तर पोट बिघडते ते याच प्रथिनामुळे. म्हणून तो भिजवून नीट उकळायचा.) तेव्हापासून बोटभर रक्त, पोषक रस, राजम्याचे प्रथिन आणि ३७ अंश सेल्सियसची ऊब एवढ्या भांडवलावर दोन-तीन दिवसांत दुभंगणाऱ्या पेशींचे पीक काढता येते. यालाच पेशीसंवर्धन म्हणतात.

पेशी थांबवण्यासाठी कोल्चिसीन वापरतात. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले येणारी कळलावी तुम्ही पाहिली असेल. तिच्या कंदात आणि बियांत हे विष असते. गुणसूत्रांना ओढणारे जे दोर मघाशी सांगितले, त्यांचा मिळून चातीच्या आकाराचा एक सांगाडा बनतो. त्याला तर्कू म्हणतात. कोल्चिसीन तो तर्कू बांधूच देत नाही. गुणसूत्रे तयार होऊन उभी, पण ओढायला दोर नाहीत, अशी पेशी अडकून पडते. हे कोल्चिसीन लक्षात ठेवा, पुढे त्याचा एक भाऊबंद भेटणार आहे.

तरीही गुणसूत्रे एकमेकांवर चढलेली, गवताच्या पेंढीसारखी दिसत. ही अडचण एका चुकीने सुटली. १९५२ साली टेक्सासमध्ये टी. सी. सू यांच्या हातातल्या पेशी नेहमीच्या मीठपाण्याऐवजी चुकून फार पाणचट मीठपाण्यात धुतल्या गेल्या. पाणी आत शिरून पेशी फुगल्या आणि गुणसूत्रे सुटी सुटी पसरली! या युक्तीचा उपयोग करून चार वर्षांनी, १९५६ साली, स्वीडनमध्ये त्जिओ आणि लेवान यांनी माणसाची गुणसूत्रे मोजली. ती भरली ४६. त्याआधी तीसेक वर्षे पुस्तकांतून ४८ हा आकडा छापला जात होता आणि अनेक मोजणारे इमानेइतबारे ४८ मोजत होते. आधीच ठाऊक असलेले उत्तर डोळ्यांना दिसू लागते ते असे.

तीन बशा

आता चाचणी. समजा संत्र्याच्या सालीवरचे ऑर्थोफेनिलफिनॉल तपासायचे आहे. रक्तातल्या पेशी चालतात, किंवा चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या बीजांडकोशातून काढलेल्या पेशी वापरतात. त्या गेली साठ-पासष्ट वर्षे जगभरच्या प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या वाढत आहेत. या प्राण्याच्या पेशीत गुणसूत्रे अवघी २२ आणि ठळक, त्यामुळे मोजणाऱ्याचे डोळे दुवा देतात. अशा पेशींचा साठा करून त्या संशोधकांना पुरवणारी राष्ट्रीय पेढी पुण्यातच आहे. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात असलेले राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र १९८८ साली याच कामासाठी सुरू झाले.

पेशी तीन प्रकारच्या बशांत वाढवतात. एका बशीत काहीच घालायचे नाही. दुसरीत तपासायचे द्रव्य, तेही तीन-चार वेगवेगळ्या मात्रांत. तिसरीत मायटोमायसिनसारखे, गुणसूत्रे मोडते असे आधीच सिद्ध झालेले द्रव्य. तिसरी बशी कशाला, असे विद्यार्थी विचारतात. ती आपलीच परीक्षा असते. तिच्यातही मोडतोड दिसली नाही, तर समजावे की पेशी, काचपट्टी किंवा आपले डोळे, यांतले काहीतरी बिघडलेले आहे, आणि दुसऱ्या बशीचे उत्तर कचऱ्यात टाकावे.

आणखी एक गोष्ट. पोटात गेलेले द्रव्य जसेच्या तसे राहत नाही. यकृत त्याचे तुकडे करते, त्याला ऑक्सिजन जोडते. कधी त्यातून निरुपद्रवी काही निघते, कधी मूळ द्रव्याहून वाईट. बशीतल्या पेशींना यकृत कोठून आणायचे? उंदराचे यकृत वाटून तो लगदा गुरुत्वाकर्षणाच्या ९,००० पट जोराने गरगर फिरवतात आणि वरचा निवळ रस बशीत घालतात. त्यात यकृताची विकरे असतात. प्रत्येक चाचणी अशी दोनदा करायची, यकृतरसाशिवाय आणि यकृतरसासह.

मग पेशी काचपट्टीवर टाकून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बसायचे. कोठे गुणसूत्राचा तुकडा पडलेला दिसतो, कोठे दोन मोडकी गुणसूत्रे भलत्याच टोकांनी जोडली जाऊन चौफुलीसारखी आकृती झालेली असते, कोठे टोके जुळून अंगठी झालेली असते. मोडकी पेशी किती, धड किती, एवढेच वहीत लिहायचे.

वाटते तितके हे सोपे नाही, आणि अडचण जीवशास्त्राची नसून गणिताची आहे. काहीही न घातलेल्या बशीतही शंभरात एखाद-दुसरी पेशी मोडकी निघतेच. समजा पहिल्या बशीत शंभरात १ निघाली आणि द्रव्य घातलेल्या बशीत ३ निघाल्या. तिप्पट झाल्या म्हणून वर्तमानपत्राला बातमी द्यायची का? थांबा, नाणेफेक करून पाहू. द्रव्याचा काहीच परिणाम नसेल, तर एकूण सापडलेल्या ४ मोडक्या पेशींपैकी प्रत्येक पेशी या बशीत असण्याची शक्यता जितकी, तितकीच त्या बशीत असण्याची. म्हणजे चार वेळा नाणे उडवून तीन किंवा अधिक वेळा छापा येण्याची शक्यता किती? सोळांत पाच. अगदीच रोजची गोष्ट!

आता हेच प्रमाण ठेवून प्रत्येकी तीनशे पेशी मोजू. ३ विरुद्ध ९. बारा वेळा नाणे उडवून नऊ किंवा अधिक छापे येण्याची शक्यता ४,०९६ मध्ये २९९, म्हणजे शेकडा सात. संशय घ्यावा, पण गुन्हा शाबीत नाही. हजार-हजार मोजल्या आणि १० विरुद्ध ३० आल्या, तर ती शक्यता हजारात एकवर उतरते. प्रमाण तिन्ही वेळा तिप्पटच होते, खात्री मात्र मोजणीच्या कष्टातून आली. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत गायगर गणित्रावर किरणांचे टकटक मोजताना आम्ही मुलांना हेच सांगतो. १०० टकटक मोजले तर आकडा दहाएकने इकडेतिकडे होणारच, कारण १०० चे वर्गमूळ १०. आंतरराष्ट्रीय नियमावलीत या चाचणीसाठी प्रत्येक मात्रेला निदान २०० पेशी मोजाव्यात असे पूर्वी होते. २०१४ साली तो आकडा ३०० करण्यात आला. डोळे फोडणारे काम आहे खरे, पण त्याला आडवाट नाही.

जपानमधील दोन धडे

या चाचणीने काय साधले याचे ठळक उदाहरण जपानमध्ये घडले. एएफ-२ या नावाचे एक परिरक्षक तेथे १९६५ सालापासून टोफूत, म्हणजे सोयाबीनच्या पनीरात, आणि माशांच्या सॉसेजमध्ये घालत. ते जिवाणूंवरचे होते. त्या काळच्या पद्धतीने प्राण्यांवर त्याच्या चाचण्याही झाल्या होत्या. १९७३ साली संवर्धित मानवी पेशींत त्याने गुणसूत्रे मोडतात असे दिसले. जिवाणूंतही ते जबर उत्परिवर्तन घडवते असे आढळले. मग प्राण्यांवर नव्याने प्रयोग झाले, उंदरांच्या पोटात गाठी आल्या आणि १९७४ साली त्यावर बंदी आली. तोपर्यंत नऊ वर्षे लोकांनी ते खाल्ले होते.

या अनुभवाने पोळलेल्या जपानने बुरशीनाशकांकडेही बारकाईने पाहिले. अमेरिकेतून येणाऱ्या लिंबूवर्गीय फळांवरचे ऑर्थोफेनिलफिनॉल तेथे १९७७ साली परिरक्षक म्हणून मान्य झाले होते. १९८१ साली त्याच्या सोडियम क्षाराच्या मोठ्या मात्रा सतत खाऊ घातलेल्या नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या. हॅमस्टरच्या पेशींत त्याने गुणसूत्रे मोडली, पण पेशी मरायच्या बेताला येतात अशा मात्रेला. यकृतरस घातल्यावर खरा आरोपी पुढे आला. मूळ द्रव्यापासून शरीरात क्विनोन वर्गातील एक चटपट्या रेणू तयार होतो, उपद्रव त्याचा. शरीर तो रेणू थोड्या प्रमाणात असला तर बांधून लघवीवाटे बाहेर टाकते. मात्रा फार झाली की ही व्यवस्था अपुरी पडते.

म्हणजे द्रव्य वाईट की चांगले? प्रश्नच जरा चुकीचा आहे, किती हे विचारायला हवे. १९९९ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी रोज चालेल अशी मर्यादा शरीराच्या दर किलोला ०.४ मिलिग्रॅम ठरवली. ४० किलो वजनाच्या मुलाला १६ मिलिग्रॅम. फळांवर जास्तीत जास्त किलोला १० मिलिग्रॅम चालते. तेव्हा सालीसकट दीड किलोहून अधिक संत्री रोज, जन्मभर खाल्ली तर ती मर्यादा ओलांडेल. साल सोलून टाकणाऱ्याला काळजीचे कारण नाही. सालीचा मुरंबा करणाऱ्यांनी मात्र अशी फळे टाळावीत किंवा गरम पाण्याने चोळून धुवावीत, असे मला वाटते.

थायाबेंडाझोलची गोष्ट वेगळी. शेतकऱ्यांच्या परिचयाचे कार्बेंडाझिम, ज्याला द्राक्षबागांत बाविस्टिन या नावाने ओळखतात, तेही याच कुळातले. ही द्रव्ये गुणसूत्रे मोडत नाहीत. बशीत पाहावे तर प्रत्येक गुणसूत्र अखंड! पण ही द्रव्ये तर्कूचे दोर बनू देत नाहीत. हाच तो कळलावीच्या विषाचा भाऊबंद. बुरशीच्या दोरांना ती घट्ट धरतात, आपल्या दोरांना सैल. म्हणून ती औषध म्हणून चालतात. मात्रा पुष्कळ वाढवली तर आपल्या पेशींतही ओढाताण चुकते. एका पेशीत ४५, दुसरीत ४७ अशी वाटणी होते, किंवा वाटणीच न होता एकाच पेशीत दुप्पट, ९२ गुणसूत्रे राहतात. अशा पेशीला बहुगुणित पेशी म्हणतात. तेव्हा केवळ मोडतोड पाहून भागत नाही, संख्याही मोजावी लागते.

याच बहुगुणित पेशींच्या मोजणीवरून आपल्या देशात एक वाद पेटला होता. तो बुरशीनाशकाबद्दल नव्हता, अन्न टिकवण्याच्याच दुसऱ्या एका उपायाबद्दल होता. पण काचपट्टी तीच, सूक्ष्मदर्शक तेच आणि मोजणीतला पेचही तोच.

पाच मुले आणि गहू

कोठारातल्या गव्हाला कीड लागू नये म्हणून त्यावर गॅमा किरणांचा मारा करण्याची पद्धत आहे. मात्रा ०.७५ किलोग्रे, म्हणजे दर किलो गव्हाला ७५० ज्यूल ऊर्जा. एवढ्या ऊर्जेने किलोभर पाण्याचे तापमान अंशाच्या पाचव्या भागाइतकेही वाढत नाही, पण किडा मरायला ती पुरते. गहू यामुळे किरणोत्सर्गी होत नाही, जसा क्ष-किरण फोटो काढल्यावर तुमचा हात होत नाही.

१९७५ साली हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील भास्करम आणि सदाशिवन यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कुपोषित मुलांचे पाच-पाचांचे तीन गट. एकाला साधा गहू, दुसऱ्याला नुकताच किरण दिलेला गहू, तिसऱ्याला किरण देऊन बारा आठवडे साठवलेला गहू. मुलांच्या रक्तपेशी संवर्धित करून मोजल्या. ताजा किरणित गहू खाणाऱ्या गटात चार आठवड्यांनी ०.८ टक्का आणि सहा आठवड्यांनी १.८ टक्के बहुगुणित पेशी निघाल्या. गहू बंद केल्यावर त्या हळूहळू नाहीशा झाल्या. साठवलेल्या गव्हाच्या गटात त्या कमी होत्या. साध्या गव्हाच्या गटात एकही नव्हती. (आजारी, कुपोषित मुलांवर असा प्रयोग करायला आज कोणतीही समिती परवानगी देईल असे वाटत नाही, आणि ते योग्यच आहे.)

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उंदरांना किरणित गहू खाऊ घालून पाहिला. त्यांना असे काही आढळले नाही. सरकारी दोन संस्था, दोन उत्तरे! केंद्र सरकारने दोन्हीकडची सामग्री तपासायला आनुवंशशास्त्रज्ञ पी. सी. केशवन आणि संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांना सांगितले.

सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुधचे. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, लंडनला संख्याशास्त्रात डॉक्टर झाले, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे संख्याशास्त्र प्रमुख म्हणून रोमला बरीच वर्षे होते. निवृत्तीनंतर ते पुण्यात परतले आणि महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत काम करू लागले. हीच आजची आघारकर संशोधन संस्था. योगायोग असा, की देशभरातील बुरशींचा राष्ट्रीय संग्रहही याच संस्थेत आहे. एका माणसापुढे दुसरा, किंवा त्याच माणसाचा आज आणि उद्या, सारखा नसतो आणि सरासरीने हा फरक झाकला जातो, हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय होता. १९७६ साली या दोघांनी अहवाल दिला.

आपण आपल्या नाणेफेकीने पाहू. प्रत्येक मुलाच्या शंभर पेशी मोजल्या असे धरू, म्हणजे गटाच्या पाचशे. ०.८ टक्का म्हणजे ४ पेशी, १.८ टक्के म्हणजे ९. साध्या गटात शून्य. लागोपाठ चार छापे येण्याची शक्यता सोळांत एक, हे सहज घडेल. लागोपाठ नऊ छापे मात्र ५१२ मध्ये एकदा. हा निव्वळ योगायोग नव्हे! मग परिणाम खरा म्हणायचा का?

येथेच खरी मेख आहे. नाणेफेकीचे गणित प्रत्येक पेशीला स्वतंत्र नाणे मानते. पण पेशी पाच मुलांच्या आहेत. निरोगी माणसांच्या रक्तातही संवर्धनात थोड्या बहुगुणित पेशी निघतात, कोणाच्या नगण्य, कोणाच्या बऱ्याच. पाचांपैकी एकाच मुलाच्या पेशी तशा असतील तर सगळा गट वर जातो. म्हणजे नाणी पाचशे नाहीतच, पाच आहेत. दुसरे, साध्या गव्हाच्या गटातले ते शून्य. सामान्य माणसात अशा पेशी हजारात चार निघतात असे समजा. पाचशेंत सरासरी दोन निघाव्यात, एकही न निघण्याची शक्यता शेकडा तेरा-चौदा. एकदा शून्य आले तर नवल नाही. दरवेळी शून्यच येत राहिले तर नवल आहे! जे असायला हवे तेच दिसत नसेल, तर मोजणाऱ्याच्या नजरेचा किंवा पेशी निवडण्याच्या रीतीचा प्रश्न येतो. वर्गमूळाने येणारी चूक अधिक मोजणीने कमी होते, नजरेची चूक हजार पेशी मोजूनही तेवढीच राहते. ४८ गुणसूत्रे मोजणाऱ्यांची आठवण ठेवा.

केशवन आणि सुखात्मे यांचा निष्कर्ष असा झाला, की हैदराबादची बरीचशी माहिती परस्परांशी जुळत नाही आणि जीवशास्त्रातील पक्क्या गोष्टींशीही जुळत नाही. तिच्यातला कल दुरुस्त केला तर किरणित गव्हाने बहुगुणित पेशी वाढतात असा पुरावा उरत नाही. हैदराबादचे शास्त्रज्ञ आपल्या मोजणीवर ठाम राहिले. १९८० नंतर चीनमध्ये काही शे स्वयंसेवकांना किरणित अन्न देऊन याच चाचण्या झाल्या, त्यांतही वाढ दिसली नाही. १९८० साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने १० किलोग्रेपर्यंत किरण दिलेले अन्न सुरक्षित ठरवले. भारतात १९९४ साली कांदे, बटाटे आणि मसाल्यांना परवानगी मिळाली, आणि २००७ साली लासलगावच्या केंद्रात किरण दिलेला हापूस अमेरिकेला गेला.

माझे मत विचाराल तर हैदराबादकरांनी निबंध छापला हे बरेच केले. शंका मनात ठेवली असती तर इतकी फेरतपासणी कधीच झाली नसती. मात्र पाच मुलांवरून जगभर जी भीती पसरली, ती त्या पाच मुलांना पेलण्यासारखी नव्हती. आजही किरणित अन्नाच्या विरोधात लिहिणारे त्या १.८ टक्क्यांचा दाखला देतात आणि शून्याबद्दल काही बोलत नाहीत.

हे सारे वर्गात करून पाहता येते, आणि शिक्षकांनी एक तास त्यासाठी द्यावा. पाच हजार साबुदाण्यांत वीस मोहऱ्या नीट मिसळा. (पाच हजार मोजत बसू नका, पाचशे मोजून त्यांचे वजन करा आणि त्याच्या दसपट घ्या.) हजारात चार, आपल्या बहुगुणित पेशींइतक्याच. प्रत्येक विद्यार्थ्याने डोळे मिटून पाचशे दाण्यांएवढे वजन काढावे, त्यातल्या मोहऱ्या मोजून फळ्यावर आकडा लिहावा आणि दाणे परत मिसळावेत. चाळीस मुलांच्या वर्गात पाच-सहा जणांना एकही मोहरी मिळणार नाही, कोणाला चार-पाच मिळतील. मिश्रण मात्र सगळ्यांचे एकच!

मग दुसरा भाग. अर्ध्या मोहऱ्या काढून त्यांच्या जागी फुटक्या मोहऱ्यांचे तितकेच तुकडे टाका, आणि दोन सारख्या पिशव्या भरा. अर्ध्या वर्गाला सांगा की 'अ' पिशवीत मोहऱ्या जास्त आहेत, उरलेल्या अर्ध्या वर्गाला सांगा की 'ब' पिशवीत जास्त आहेत. फुटका तुकडा मोजायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. दोन्ही अर्ध्या वर्गांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. त्यानंतर पिशव्यांवरची अक्षरे पुसून, शिक्षकांनाच ठाऊक असतील असे क्रमांक घालून, तीच मोजणी पुन्हा करा.